सायलेन्सरचा रस्ता: मार्क वनच्या पोटाखाली

जुन्या गाडीचं एक्झॉस्टचं काम काढलं की सगळे पहिलं विचारतात, सायलेन्सर कुठला टाकतोयस, पाईप स्टेनलेसचा घेतलास का साधा, आवाज कसा येणारे. पाईप जाणार कुठून हे कोणी विचारत नाही. आणि माझ्या मते अर्ध्याहून जास्त काम तेच आहे. रस्ता बरोबर बसला तर साधा लोखंडी पाईपही वर्षानुवर्षं टिकतो, आणि रस्ता चुकला तर आर्गननं वेल्ड केलेलं महागातलं स्टेनलेसही दोन पावसाळ्यांत कुठेतरी घासून, हलून, तडकून हातात येतं. म्हणून या वेळी सगळं त्या रस्त्याबद्दलच लिहितोय, लांबलं तर लांबू दे.

गाडी १९६१ ची अँबेसेडर मार्क वन, आत्याच्या यजमानांनी घेतलेली आणि तेव्हापासून इंदूरातच. हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातली, मूळ डिझाइन ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीचं, आत १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्हचं बी सिरीज इंजिन. माझ्याकडे आली तेव्हा बॉडी ठीक होती, इंजिन ठीक होतं, पण खाली वाकून बघितलं तर एक्झॉस्ट म्हणजे नुसती मलमपट्टी. मधे कधीतरी कुणीतरी मूळ पाईप काढून टाकून सरळ तुकडे जोडले होते, मागच्या एक्सलच्या वरून न्यायच्या ऐवजी खालून नेले होते आणि शेवटचं टोक डिकीच्या खालीच सोडून दिलं होतं, बंपरच्या बाहेर नाहीच. पाईप लटकवायच्या हँगरच्या जागी तार.

हे असं का करतात ते समजतं. एक्सलच्या वरून पाईप न्यायचा तर तीन-चार वाकणं लागतात, तीही वेगवेगळ्या दिशांना, आणि प्रत्येक वाकण आधीच्याशी जुळावं लागतं. खालून नेला की दोन सरळ तुकडे आणि एक वेल्ड, संध्याकाळच्या आत गाडी बाहेर. पण खालून गेलेला पाईप हा गाडीचा सगळ्यात खालचा भाग होतो आणि आपल्या इंदूरचे कॉलनी-कॉलनीतले स्पीडब्रेकर काय उंचीचे असतात ते सांगायला नको. मागे तिघं बसले की प्रत्येक ब्रेकरवर पाईप टेकणार, आणि तो धक्का पाईपमधून थेट पुढे मॅनिफोल्डच्या, म्हंजे इंजिनाला बसवलेल्या धूर गोळा करणाऱ्या तोंडाच्या, स्टडपर्यंत (बोल्टपर्यंत) जाणार. माझ्या गाडीतला एक स्टड तुटलेला होता तो अशानंच, याबद्दल मला शंका नाही.

आणि आता आत्याचं. घरात वर्षानुवर्षं सगळे म्हणायचे की आत्याला गाडी लागते. उज्जैनला जाऊन येईपर्यंत ती मागच्या सीटवर डोकं धरून बसायची, कधी उलटी व्हायची, मग लिंबू, आवळा सुपारी, खिडकी उघडी ठेव, पुढे बस असं सगळं चालायचं. तिला बसमध्ये कधी त्रास झाला नाही, माझ्या भावाच्या नव्या गाडीत झाला नाही, त्रास फक्त हिच्यातच आणि तोही मागे बसल्यावरच. ते टोक डिकीखाली संपलेलं बघितलं आणि मला खाली पिटमध्येच, गॅरेजच्या त्या खड्ड्यात, घाम फुटला.

गाडी धावत असते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी असतो, त्या पोकळीत धूर ओढला जातो, आणि डिकीचं रबर साठ वर्षांचं, जमिनीच्या पत्र्यातली बुचं गळून पडलेली, मागच्या सीटच्या पाठीमागे पुठ्ठा. धुराला आत यायला दहा वाटा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. वास येतो तो बाकीच्या अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा, आणि जुन्या गाडीत तो वास सगळ्यांनी गृहीतच धरलेला असतो, "जुनी गाडी आहे, वास येणारच". हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट तरी जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, ही त्याचीच पहिली लक्षणं. म्हंजे गाडी लागण्याचीच लक्षणं, हुबेहूब. तेव्हा तुमच्या घरातही जुन्या गाडीत कुणा एकालाच गाडी लागत असेल तर कृपा करून आधी खाली वाका आणि पाईपचं टोक कुठे संपतंय ते बघा. तोपर्यंत त्या माणसाला मागे बसवू नका. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय.

असो. आता काम.

सुरुवात इंजिनापासून. बी सिरीजच्या हेडला एकाच बाजूला, म्हंजे ड्रायव्हरच्या सीटवरून बघितलं तर डावीकडे, इनटेक (आत येणाऱ्या हवा-पेट्रोलची वाट) पण आणि एक्झॉस्ट पण. सिलेंडर चार पण एक्झॉस्टची तोंडं तीनच, कारण दोन आणि तीन नंबरचे सिलेंडर मधलं तोंड वाटून घेतात. ऐकायला विचित्र वाटतं पण फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, म्हंजे दोन आणि तीनच्या मधे क्रँकचा पूर्ण एक फेरा जातो, त्यामुळे एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. हे एवढ्यासाठी सांगतोय की मित्रांनी फ्री फ्लो (धुराला कमी अडवणारा सायलेन्सर) टाक, हेडर (प्रत्येक तोंडाला वेगळा पाईप) बनव, दोन पाईप काढ असं डोकं खाल्लं होतं. तीन तोंडांच्या या हेडवर आणि एका कार्बोरेटरवर फ्री फ्लोनं हाती फारसं काही लागत नाही, नुसता आवाज फाटतो. हिचा आवाज मऊ, खालच्या पट्टीतला, घुमणारा आहे, तो मला तसाच हवा होता. म्हणून ओतीव लोखंडाचा मूळ मॅनिफोल्ड ठेवला, फक्त त्याचं तोंड टर्नरकडून सपाट करून घेतलं, कारण इतक्या वर्षांच्या गरम-थंड होण्यानं ते वाकलेलं असतं आणि मग पॅकिंग कितीही नवीन टाका, फुसफुस चालूच राहते.

मॅनिफोल्डच्या बरोबर वर कार्बोरेटर. मे महिन्यात आपल्याकडे ४२-४३ डिग्री असताना ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळायला लागतं आणि मग इंजिन बंद पडून पटकन चालू होत नाही. तिथे पत्र्याची एक ढाल असते, ती बरेच जण इंजिन उघडलं की परत लावत नाहीत. माझ्या गाडीतही नव्हती. नवीन कापून घेतली, ॲल्युमिनियमची, मधे हवेला जागा सोडून. ढाल चिकटवून लावली तर ती ढाल नाही, मधली हवाच खरं काम करते.

पाईपला जाडा कापडी पट्टा गुंडाळायची पण फॅशन आहे, मोटरसायकलवाले करतात ते. लोखंडी पाईपवर तो मी कधीच लावणार नाही. पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि पाईप आतल्या आत सडतो, वरून काही दिसत नाही.

आता खालचा रस्ता. मॅनिफोल्डच्या फ्लँजपासून, म्हंजे जोडाच्या चपट्या कडेपासून, पाईप खाली उतरतो आणि लगेच पहिली अडचण, टॉर्शन बार. मार्क वनच्या पुढच्या सस्पेन्शनला कॉइल स्प्रिंग नाहीत, लांब दांडे आहेत, गाडीच्या लांबीला समांतर मागे जाणारे, ते पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करतात. डावीकडचा दांडा आणि उतरता पाईप हे शेजारी. या दांड्याला पाईप घासणं म्हणजे सस्पेन्शनला करवत लावणं, जिथे चरा पडतो तिथूनच पिळलेलं पोलाद एक दिवस तुटतं. तेव्हा इथे अंतर भरपूर ठेवायचं, आणि ते इंजिन स्थिर असताना मोजून उपयोग नाही, कारण इंजिन रबरवर बसलेलं आहे, रेस दिली की एका बाजूला कलतं आणि त्याच्याबरोबर पाईपही कलतो. एकानं आत बसून पहिला गिअर टाकून ब्रेकवर पाय दाबून क्लच किंचित सोडायचा, मग रिव्हर्समध्ये तेच, आणि दुसऱ्यानं बाजूनं टॉर्च मारून बघायचं. गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं राहायचं नाही, चाकांना ओंडके लावायचे, एवढं पाळा.

ज्या गोष्टी इंजिनाबरोबर हलतात त्या आणि ज्या बॉडीबरोबर राहतात त्या, यांची फाळणी कुठे करायची हाच सगळ्यात मोठा निर्णय असतो. माझ्याकडे पुढचा पाईप गिअरबॉक्सच्या पट्टीला घट्ट बांधलाय, म्हंजे इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचा पाईप हे सगळं एक शरीर, एकत्र डोलणार. त्याच्या मागे सगळं रबरवर लटकलेलं. जिथे लोक मार खातात ते हेच, पुढचा पाईप थेट बॉडीला घट्ट पकडतात, मग इंजिन हलतं, बॉडी हलत नाही, आणि मधला बिचारा फ्लँज तुटतो. मग वेल्डरला शिव्या.

रबरवर लटकवायचं दुसरं कारण उष्णता. जोरात चालवताना मॅनिफोल्डपाशी धूर सहाशे-सातशे डिग्रीच्या घरात असतो, मागे टोकाशी दोनशेच्या आसपास. तीन मीटरचा साधा लोखंडी पाईप सरासरी तीनशे डिग्रीनं तापला तर साधारण ११ मिलीमीटर लांबतो, स्टेनलेस ३०४ असेल तर १५ च्या आसपास. हे सेंटिमीटरभर लांबणं कुठेतरी जायला हवं. दोन्ही टोकं घट्ट बांधलीत तर पाईप मधे कमान करेल आणि जमिनीच्या पत्र्याला लागून तडतड वाजत राहील. म्हणून हँगर लावताना थंड पाईपला ते अगदी सरळ नाही लावायचे, किंचित पुढे ओढलेले ठेवायचे, म्हंजे गरम झाल्यावर सरळ होतात.

मधे सायलेन्सर, प्रॉपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) बाजूला, त्याच्या शेजारून हँडब्रेकची केबल, ब्रेकचा पाईप, पेट्रोलचा पाईप. साध्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २०५ डिग्री, आणि वर्षा-दोन वर्षांत हवेतलं पाणी शोषून तो १४० पर्यंत उतरू शकतो. म्हंजे सायलेन्सर ब्रेकच्या पाईपला चिकटून गेला तर घाटात उतरताना ब्रेक मऊ पडेल, कारण आत वाफ. पत्र्यापासून मी बोटभर अंतर ठेवतो, ब्रेक आणि पेट्रोलच्या पाईपपासून त्याच्या दुप्पट, आणि जिथे तेवढं मिळत नाही तिथे मधे पत्रा.

आणि मग एक्सल. इथे घाई केलेली मला सहन होत नाही.

बहुतेक गॅरेजमध्ये एक्झॉस्ट बसवताना गाडी बॉडीखाली घोडे लावून उचललेली असते, चाकं लोंबकळत, म्हंजे एक्सल सगळ्यात खाली गेलेला. तेव्हा एक्सलच्या वर भरपूर जागा दिसते आणि तिथून आरामात पाईप जातो. गाडी खाली उतरवली, चार माणसं बसली, खड्डा आला की एक्सल वर येतो आणि धाड. म्हणून पिट हवा, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी, आणि वजन टाकून बघायला हवं. आम्ही डिकीत आणि मागच्या सीटवर वाळूची पोती टाकली. पाईपच्या खालच्या अंगाला कणकेचा गोळा चिकटवला, बंपरवर बसून गाडी दाबली आणि मग दबलेल्या गोळ्याची जाडी मोजली. मोजपट्टी जिथे पोचत नाही तिथे कणीक पोचते. नंतर उलटी बाजू, एक्सल पूर्ण लोंबकळत ठेवून मागच्या स्प्रिंगचे पाटे आणि पाईपमधलं अंतर. दोन्ही टोकांना मोकळं असेल तरच रस्ता पास.

पाईप वाकवायचं काम सांवेर रोडजवळच्या एका काकांनी केलं, मराठीच, वयस्कर, मी त्यांना मोबाईलवर मँड्रेल बेंडिंगचे (पाईपच्या आत आधार घालून मशीननं वाकवायचे) व्हिडिओ दाखवत होतो तर म्हणाले, "अरे बाबा, ते मशीन मस्तच आहे, पण तुला वाकण कुठे हवंय ते त्या मशीनला कोण सांगणार? आधी तार आण." मग लोहामंडीतून आठ गेजची तार आणली आणि गाडीखाली बसून मॅनिफोल्डपासून बंपरपर्यंत तार वाकवत नेली. ती तार म्हणजेच नकाशा. तारेच्या भोवती पाईपच्या जाडीच्या पुठ्ठ्याच्या चकत्या ओवल्या, म्हंजे तार मोकळी जातेय पण पाईप अडकेल असं कुठे होत असेल तर तिथेच कळतं. ही युक्ती काकांची, आणि मला ती फार आवडली.

नंतर पाईपमध्ये वाळू. नर्मदेची बारीक वाळू, चुलीवर भाजून कोरडी केलेली, ठोकून ठोकून गच्च भरलेली, दोन्ही टोकांना लाकडी बुच. मग गॅसच्या टॉर्चनं फक्त वाकणाची जागा लाल करायची आणि सावकाश ओढायचं. वाळूमुळे पाईप चपटा होत नाही, आतला व्यास तोच राहतो. वाळू कोरडी नसेल तर मात्र आत वाफ होऊन बुच बंदुकीसारखं उडतं, काका भाजलेली वाळूसुद्धा हातात घेऊन, चोळून, वास घेऊन मगच भरायचे. घरी बघून-बघून करू नका हे.

प्रत्येक तुकडा आधी गाडीखाली फक्त टाके मारून जोडला, आणि पूर्ण वेल्डिंग गाडीबाहेर काढून. बॅटरीची वायर काढून, पेट्रोलची टाकी गाडीतून काढून दूर ठेवून, शेजारी वाळूची बादली ठेवून. यात कंटाळा करायचा नाही.

पाईप साधाच घेतला, दीड इंची, सोळा गेज. स्टेनलेस का नाही? एक तर आवाज, स्टेनलेसचा आवाज पातळ, थोडा टणटणीत येतो असं माझ्या कानाला वाटतं. दुसरं, हिला जसं आहे तसं ठेवायचंय. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल न केलेली, तिला नंबरात व्हीए अक्षरं मिळतात आणि ती नोंदणी दहा वर्षं चालते. सायलेन्सर बदलल्यानं कोणी अडवणार नाही, पण मी बॉडीला एकही नवीन पट्टी वेल्ड केली नाही. मूळ हँगरची भोकं गंजाच्या आणि डांबराच्या थराखाली अजून होती. ती सापडल्यावर तार अर्धी आपोआपच बसली, कारण कारखान्यातल्या माणसांनी हे टॉर्शन बार, एक्सल, टाकी सगळं आधीच सोडवलेलं होतं. जुन्या गाडीत नवीन भोक पाडायच्या आधी जुनं शोधा, ते नव्वद टक्के वेळा सापडतं.

साध्या लोखंडाच्या सायलेन्सरला गंज बाहेरून लागतो त्यापेक्षा जास्त आतून लागतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी रामबागेतून जवळच्या राजवाड्यापर्यंत जाऊन परत आली तर सायलेन्सर नीट तापतच नाही, ती वाफ आतच थंड होऊन साठते. म्हणून सायलेन्सर मागच्या बाजूला किंचित उतरता लावलाय आणि सगळ्यात खालच्या जागी तीन मिलीमीटरचं बारीक भोक. आणि गाडी काढली की निदान शहराबाहेर राऊपर्यंत तरी जाऊन यायचं, नुसती अंगणात चालू करून बंद करायची नाही. अंगणात दहा मिनिटं चालू ठेवण्यासारखा सायलेन्सरचा दुसरा शत्रू नाही.

इंदूर आणि एक्झॉस्ट म्हटलं की मला इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूझेनबर्ग ही अमेरिकी गाडी आठवते. १९३५ ची एसजे, लंडनच्या गर्नी नटिंगनं बांधलेली बॉडी, सुपरचार्जर लावलेलं आठ सिलेंडरचं जवळजवळ सात लिटरचं इंजिन, कंपनीचा दावा ३२० हॉर्सपॉवरचा. एसजेची ओळखच अशी की एक्झॉस्टचे जाड चकचकीत पाईप बॉनेटच्या बाजूतून सरळ बाहेर येतात आणि वळून खाली जातात, लपवायचा प्रश्नच नाही. माणिकबाग महालातल्या राजाला ते शोभलं. आपल्या गाडीत मात्र पाईप कुठे दिसू नये, ऐकू यावा एवढंच, आणि मला ते तितकंच सुंदर वाटतं.

पाईपचं टोक आता बंपरच्या बाहेर आहे, चांगलं तीन बोटं, किंचित खाली वळवलेलं. जमिनीतली सगळी बुचं नवीन, डिकीचं रबर नवीन. गळती बघायला थंड इंजिन चालू करून टोकावर जाड ओलं फडकं अर्धवट धरलं आणि प्रत्येक जोडाजवळ उदबत्ती फिरवली, धूर जिथे थरथरतो तिथे गळती. फ्लँजला पितळी नट लावलेत, लोखंडी नट स्टडला गंजून एकजीव होतात आणि पुढच्या वेळी स्टडसकट येतात, पितळी कधीही सुटतात.

मग खंडवा रोडनं सिमरोळचा घाट. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर पूर्ण भार, ओंकारेश्वरच्या ट्रकांच्या मागे मागे, खाली कुठे काही वाजत नव्हतं. आत्या मागे बसली होती, मी पुढे बस म्हणून विनवण्या केल्या तरी मागेच, मांडीवर पोह्यांचा डबा, आणि काच वर केलेली कारण बाहेर धूळ. बलवाड्यापर्यंत गेलो आणि आलो. वाटेत तिनं डबा उघडून मला पोहे दिले आणि स्वतः पण खाल्ले, चालत्या गाडीत. हे आमच्या घरात कोणी कधी बघितलं नव्हतं. परत आल्यावर म्हणाली, "यांना सांगायला हवं होतं रे, मला काही गाडी-बिडी लागत नाही." मला काही बोलता आलं नाही.

अजून थोडं राहिलंय. पहिल्या काही वेळा चांगली गरम होऊन थंड झाली की नवीन पॅकिंग बसतं आणि नट सैल पडतात, म्हणून फ्लँजचे नट आणि क्लॅम्प परत एकदा आवळायचेत, इंजिन पूर्ण थंड असताना. आणि मागच्या हँगरचं रबर मला जरा मऊ वाटतंय, तिथे सियागंजमधून दोरे भरलेलं कन्व्हेयर बेल्टचं रबर आणून पट्टी कापणार आहे. कुणाकडे मार्क वनचा मूळ मागचा हँगर पडून असेल तर नुसता फोटो आणि भोकांमधलं अंतर कळवा, तसाच बनवून घेतो.